स्टोरेज अपग्रेड आणि डेटा स्थलांतर अडते तेव्हा : दोष शोधण्याची क्रमवार पद्धत

मोठ्या संस्थांमधील स्टोरेज यंत्रणेत बहुधा दोन कंट्रोलर (डिस्कवरील वाचन-लेखन हाताळणारे संगणक) असतात. त्यांचे सॉफ्टवेअर बदलताना आधी एक आणि मग दुसरा असे ते क्रमाने रीस्टार्ट होतात, त्यामुळे सेवा बंद न ठेवता अपग्रेड करता येते, असे उत्पादक सांगतात आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. तरीही एखाद्या रात्री सगळे सर्व्हर सुरळीत चालू असताना एकाच सर्व्हरच्या डिस्क अदृश्य होतात आणि नव्या फर्मवेअरकडे (उपकरणात भरलेल्या सॉफ्टवेअरकडे) बोट दाखवले जाते. तपासणीत मात्र पुष्कळदा असे निघते, की त्या सर्व्हरचा दुसऱ्या कंट्रोलरकडे जाणारा मार्ग कधीच बंद पडला होता. पहिला कंट्रोलर चालू असल्यामुळे ते कोणाला जाणवले नव्हते. अपग्रेड आणि स्थलांतर करताना समोर येणारे बरेचसे दोष असे आधीपासून दबलेले असतात, म्हणून बदलाआधी काय स्थिती होती याची नोंद हातात असल्याशिवाय दोषशोध नीट सुरूच करता येत नाही.

या लेखात फायबर चॅनेलने (सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यातील खास जाळ्याने) जोडलेली दोन कंट्रोलरची यंत्रणा, तिच्यावर अवलंबून असलेले व्हीएमवेअर (एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारे), लिनक्स व विंडोज सर्व्हर आणि जोडीला फाइल शेअर असा नेहमी आढळणारा संच गृहीत धरला आहे. आज्ञांची नावे उत्पादनानुसार बदलतात. तपासणीचा क्रम फारसा बदलत नाही.

बदलाआधीची नोंद

पहिली नोंद प्रत्येक सर्व्हरवरील पाथची, म्हणजे स्टोरेजपर्यंतच्या मार्गांची, घ्यावी. सर्व्हरमध्ये दोन एचबीए (स्टोरेजच्या जाळ्याला जोडणारे कार्ड) पोर्ट असतील, प्रत्येक पोर्ट वेगळ्या फॅब्रिकवर (स्विचच्या स्वतंत्र जाळ्यावर) असेल आणि प्रत्येकाचे झोनिंग (कोणते पोर्ट कोणाशी बोलू शकते याची स्विचवरील मांडणी) दोन्ही कंट्रोलरच्या एकेका पोर्टशी केलेले असेल, तर प्रत्येक लूनला (स्टोरेजने सर्व्हरला दिलेल्या आभासी डिस्कला) चार पाथ दिसले पाहिजेत : लूनचा ताबा असलेल्या कंट्रोलरकडून दोन पसंतीचे आणि दुसऱ्याकडून दोन पर्यायी. एखाद्या सर्व्हरवर दोनच पाथ दिसत असतील आणि ते दोन्ही पसंतीचे असतील, तर रोजच्या कामात वेग उत्तम राहतो, कोणताही इशारा येत नाही, आणि तो कंट्रोलर रीस्टार्ट होताच शिल्लक पाथ शून्य होतात. म्हणून ‘पाथ चालू आहेत ना’ एवढे विचारून भागत नाही. किती आहेत, कोणत्या फॅब्रिकवरून आहेत आणि कोणत्या कंट्रोलरकडे जातात, हे सर्व्हरनिहाय लिहून ठेवावे लागते.

त्यासोबत कंट्रोलरवरील भार पाहावा. एक कंट्रोलर बंद असताना दुसऱ्याला दोघांचे काम ओढायचे असते, त्यामुळे दोघांचाही वापर शांत वेळेत ५० टक्क्यांच्या खाली असणे आवश्यक आहे. तसे नसेल तर वेळ बदलावी किंवा जड बॅच कामे थांबवावीत. नादुरुस्त डिस्क, कॅशेची (डिस्कवर उतरण्याआधी लेखन धरून ठेवणाऱ्या स्मृतीची) कमकुवत बॅटरी, अर्धवट राहिलेली रीबिल्ड (बिघडलेल्या डिस्कवरील डेटाची पुनर्रचना) आणि न वाचता पडून राहिलेले इशारे आधी मार्गी लावावेत. यांपैकी एकही गोष्ट शिल्लक असताना अपग्रेड सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘हा इशारा नेहमीच असतो’ हे उत्तर ऐकू आले तर तो इशारा सर्वांत आधी तपासावा.

नंतर सुसंगततेची यादी येते. उत्पादक प्रसिद्ध करतात त्या सुसंगतता तक्त्यात सर्व्हरची कार्यप्रणाली, एचबीएचे फर्मवेअर, त्याचा ड्रायव्हर, मल्टिपाथ सॉफ्टवेअर (एका लूनचे अनेक पाथ एकत्र हाताळणारे) आणि स्विचची आवृत्ती या पाचही गोष्टी एकाच ओळीत जुळल्या पाहिजेत. चार जुळल्या आणि पाचवी ‘जवळपास तीच’ असेल, तर ती जुळलेली नाही असेच धरावे. जुन्या आवृत्तीवरून थेट नवीनतम आवृत्तीवर जाता येते की मध्ये थांबे घ्यावे लागतात, हे प्रसिद्धीसोबतच्या टिपणात दिलेले असते, आणि प्रत्येक थांब्याचा तक्ता वेगळा तपासावा लागतो.

डिस्कचे फर्मवेअर या यादीतून हमखास सुटते. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइजने जाहीर केले, की तिच्या काही एसएएस प्रकारच्या एसएसडी ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यानंतर फर्मवेअरमधील दोषामुळे कायमच्या बंद पडतात आणि त्यांवरील डेटा परत मिळत नाही. मार्च २०२० मध्ये अशाच आणखी काही डिस्कबाबत ४०,००० तासांची सूचना आली. एकाच दिवशी चालू केलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी ही मर्यादा गाठतात, त्यामुळे रेड रचना (एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी) तेथे वाचवू शकत नाही. कंट्रोलरचे सॉफ्टवेअर अद्ययावत आहे म्हणून डिस्कचेही असेलच, असे मानू नये.

अपग्रेड मध्येच थांबले तर

एक कंट्रोलर नव्या आवृत्तीवर, दुसरा जुन्यावर, आणि प्रगतीची पट्टी जागची हलत नाही, अशा वेळी हात आवरणे महत्त्वाचे असते. सेवा चालू आहे का, हे आधी पाहावे. ती चालू असेल तर घाईने काहीही करण्याचे कारण उरत नाही. कोणता कंट्रोलर कोणत्या आवृत्तीवर आहे, लूनचा ताबा कोणाकडे आहे, कॅशेचे मिररिंग (एका कंट्रोलरच्या कॅशेची प्रत दुसऱ्यावर ठेवणे) चालू आहे की बंद पडले आहे आणि अपग्रेडच्या नोंदीत शेवटची पूर्ण झालेली पायरी कोणती, या चार गोष्टी टिपून घ्याव्यात. त्यानंतर लॉगचा संपूर्ण संच बाहेर काढून वेगळ्या जागी ठेवावा, कारण रीस्टार्टनंतर काही यंत्रणांतील तात्पुरत्या नोंदी पुसल्या जातात आणि मग उत्पादकाच्या सपोर्ट अभियंत्याकडे पाहण्यासारखे काही उरत नाही.

शिल्लक असलेला एकमेव चालू कंट्रोलर ‘एकदा रीस्टार्ट करून पाहू’ म्हणून बंद करणे हा या टप्प्यावरील सर्वांत घातक निर्णय असतो. कॅशेचे मिररिंग थांबलेले असताना तो बंद झाला, तर डिस्कवर न उतरलेले लेखन धोक्यात येते. जुन्या आवृत्तीवर परतण्याचाही विचार जपून करावा : नव्या आवृत्तीने अंतर्गत मेटाडेटाची रचना बदलली असेल तर मागे जाण्याचा मार्ग बंद झालेला असू शकतो, आणि तो कोणत्या पायरीनंतर बंद होतो हे बदल सुरू करण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यायचे असते.

पूर्वतपासणीतच अपग्रेड अडले असेल तर ती तपासणी वगळण्याचा पर्याय उपलब्ध आहे म्हणून वापरू नये. जागा अपुरी असणे, कालबाह्य प्रमाणपत्र, नेटवर्क इंटरफेस मूळ पोर्टवर नसणे ही तेथील नेहमीची कारणे आहेत आणि ती दूर करायला फार वेळ लागत नाही.

सर्व्हरवरील पाथ गेले तर

येथे खालून वर जाण्याचा क्रम मोडू नये. केबल आणि पोर्टपासून सुरुवात करून एसएफपीची (केबलच्या टोकावरील प्रकाश-मॉड्यूलची) प्रकाशपातळी व सीआरसी त्रुटींची (वाटेत बिघडलेल्या संदेशांची) संख्या पाहावी. मग स्विचवर कंट्रोलरच्या पोर्टने लॉगिन केले आहे का, त्यानंतर झोनिंग, त्यानंतर स्टोरेजवरील लूनची नेमणूक (कोणते लून कोणत्या सर्व्हरला), आणि सर्वांत शेवटी सर्व्हरवरील रीस्कॅन (डिस्कचा पुन्हा शोध) व मल्टिपाथ. कंट्रोलर बदलल्यावर त्याच्या पोर्टचे डब्ल्यूडब्ल्यूपीएन (ओळखक्रमांक) बदलले असतील तर जुने झोन दिसायला जागेवर असतात, पण त्यांत अस्तित्वात नसलेल्या पोर्टचे नाव असते. स्विचवर लॉगिन दिसते आणि सर्व्हरवर लून दिसत नाही, असे झाले की दोष झोनिंग किंवा नेमणूक या दोहोंतच शोधावा. सर्व्हर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करून काही साधत नाही.

काही सर्व्हर तग धरतात आणि काही कोसळतात, याचे उत्तर बहुधा प्रतीक्षाकाळात सापडते. लिनक्समध्ये स्कझी (डिस्कला आज्ञा देण्याची प्रमाणित पद्धत) डिस्कच्या आज्ञेचा मूळ प्रतीक्षाकाळ ३० सेकंद असतो, विंडोजमध्ये तो ६० सेकंदांचा असतो आणि लिनक्सवरील आयस्कझी (नेटवर्कवरून चालणारी स्कझी) सत्र तुटल्यावर १२० सेकंद वाट पाहिली जाते. मल्टिपाथ वापरत असताना हा शेवटचा काळ मुद्दाम कमी करावा लागतो, अन्यथा दुसरा मार्ग मोकळा असूनही सर्व्हर पहिल्याचीच वाट पाहत राहतो. ईएसएक्सआय (व्हीएमवेअरची प्रणाली) सर्व्हरवर सगळे पाथ एकदम गेले आणि स्टोरेजने काहीच कळवले नाही, तर १४० सेकंद वाट पाहून सर्व्हर आपली स्वतःची कामे थांबवतो, व्हर्च्युअल मशीनचे लेखन मात्र पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. स्टोरेजने ‘हे लून आता नाही’ असे स्पष्ट कळवले, तर ती कायमची हानी समजली जाते. या दोन स्थितींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून लॉगमध्ये त्यांपैकी नेमकी कोणती नोंद आहे हे आधी वाचावे.

लिनक्सच्या मल्टिपाथमध्ये पाथ नसताना अनिश्चित काळ वाट पाहण्याची सूचना दिली असेल तर प्रक्रिया अडकून पडतात. लगेच त्रुटी देण्याची सूचना असेल तर ईएक्सटी४ फाइल यंत्रणा बहुधा फक्त वाचनयोग्य होते आणि एक्सएफएस स्वतःला बंद करून घेते. पाथ परत आल्यावर ती तशीच लेखनासाठी पुन्हा जोडू नये. आधी डेटाबेस थांबवावा, फाइल यंत्रणा उतरवावी, तपासावी आणि मगच जोडावी. जुन्या उत्पादकासाठी लिहिलेला मल्टिपाथचा विभाग नव्या यंत्रणेला लागू होत नाही, हेही ध्यानात असावे.

स्थलांतराची पद्धत आणि वेळेचा हिशेब

डेटा हलवण्याचे तीन मार्ग आहेत : सर्व्हरच्या पातळीवर, स्टोरेजच्या पातळीवर आणि फाइलच्या पातळीवर. शक्य असेल तेथे मी पहिला मार्ग निवडेन. लिनक्समध्ये एलव्हीएम या डिस्क-व्यवस्थापकाने, ओरॅकल डेटाबेसमध्ये एएसएम या त्याच्या डिस्क-व्यवस्थापकाच्या गटात नव्या डिस्क घालून व जुन्या काढून, आणि व्हीएमवेअरमध्ये स्टोरेज व्हीमोशनने (चालू मशीनच्या डिस्क हलवणाऱ्या सोयीने) सेवा चालू असताना एकेक घटक हलवता येतो, आणि अडले तर त्या एकाच घटकापुरते अडते. स्टोरेज पातळीवरील प्रतिकृती वेगवान असते. मात्र तिच्यात सगळा भार कटओव्हरच्या, म्हणजे नव्या यंत्रणेकडे प्रत्यक्ष वळण्याच्या, एका क्षणावर येतो.

वेळेचा हिशेब कागदावर करून पाहिल्याशिवाय तारीख देऊ नये. ४० टेराबाइट डेटा १० गिगाबिटच्या दुव्यावरून पूर्ण वेगाने गेला तरी सेकंदाला सव्वा गिगाबाइट या दराने सुमारे नऊ तास लागतात, आणि उत्पादनातील भार सांभाळत पूर्ण वेग कधी मिळत नाही. सिंक ‘९८ टक्क्यांवर’ येऊन अडकले अशी तक्रार येते, तेव्हा नव्याने होणाऱ्या लेखनाचा दर आणि दुव्याचा प्रत्यक्ष वेग यांची तुलना करावी. महिनाअखेरीच्या बॅच कामांत लेखन वाढले असेल तर सिंक पुढे सरकणारच नाही, आणि तो दोष साधनाचा नसतो. फाइल शेअरच्या बाबतीत टेराबाइटपेक्षा फाइलींची संख्या निर्णायक ठरते; लाखो छोट्या फाइलींच्या फोल्डरला अनेक पट मोठ्या व्हिडिओ संग्रहापेक्षा जास्त वेळ लागू शकतो.

आयस्कझी किंवा एनएफएसच्या (नेटवर्कवरून फाइली वाटण्याच्या पद्धतीच्या) जोडणीत लहान संदेश जातात आणि मोठी कॉपी मध्येच लटकते, असे दिसले तर एमटीयू (एका संदेशाचा कमाल आकार, बाइटमध्ये) तपासावा. दोन्ही टोकांना ९००० ठेवला असेल तर तुकडे करण्यास मनाई करून ८९७२ बाइटचा पिंग पाठवावा. उरलेले २८ बाइट आयपी आणि आयसीएमपीच्या शीर्षकांचे असतात. तो गेला नाही, तर मधल्या एखाद्या स्विचवर मूल्य लहान राहिले आहे.

आणखी एक हिशेब जागेचा. थिन पद्धतीने (जागा लागेल तशी पुरवत) दिलेल्या लूनमधील पुसलेला डेटा परत घेतला गेला नसेल, तर ब्लॉकनिहाय कॉपी तोही उचलून नेते आणि नवी यंत्रणा अपेक्षेपेक्षा लवकर भरते. स्थलांतराआधी रिकामे ब्लॉक मोकळे करून घेतल्यास हा प्रश्न येत नाही.

कटओव्हरच्या रात्री

परत फिरण्याची शेवटची वेळ आधी ठरवून ठेवावी. नव्या यंत्रणेवर व्यवहार सुरू झाले की जुन्याकडे परतणे म्हणजे मधले व्यवहार गमावणे होय, जोवर उलट दिशेची प्रतिकृती चालू केलेली नसते. ही वेळ तांत्रिक संघाने एकट्याने ठरवू नये; ज्यांचे व्यवहार आहेत त्यांची लेखी संमती असावी.

व्हीएमवेअरचा डेटास्टोअर (व्हर्च्युअल मशीनच्या फाइलींचे कोठार) नव्या लूनवर दिसतच नाही, ही सर्वांत सामान्य तक्रार. डिस्कची ओळख बदलल्यामुळे सर्व्हर तिला मूळ डेटास्टोअरची प्रत समजतो आणि आपणहून जोडत नाही. जुनी ओळख कायम ठेवून जोडता येते, पण मूळ लून कोणत्याही सर्व्हरला दिसत नाही याची खात्री झाल्यावरच. नवी ओळख दिली तर डेटास्टोअरचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) बदलतो आणि व्हर्च्युअल मशीनची पुन्हा नोंदणी करावी लागते. लिनक्सवर जुने आणि नवे लून एकाच वेळी दिसले तर एलव्हीएम एकाच ओळखीचे दोन खंड असल्याची तक्रार करते. तेव्हा जुन्या लूनची नेमणूक काढून मगच पुढे जावे. सर्व्हर सॅनवरूनच (स्टोरेजच्या जाळ्यावरूनच) बूट होत असेल तर बूटवेळची प्रतिमा नव्या मल्टिपाथ रचनेसह पुन्हा तयार करावी लागते, अन्यथा रीस्टार्टनंतर मूळ डिस्कच सापडत नाही. विंडोजवर डिस्क दिसते पण ऑफलाइन असते, त्यामागे बहुधा सामायिक डिस्क आपोआप चालू न करण्याचे धोरण असते. क्लस्टरच्या डिस्कवरील स्कझी-३ आरक्षणे (डिस्कवर कोणत्या सर्व्हरने लिहावे हे ठरवणारी) प्रतिकृतीबरोबर येतात असे गृहीत धरू नये. क्लस्टर थांबवून ती नव्याने घडू द्यावीत.

डिस्क दिसते, पण फाइल यंत्रणा जोडली जात नाही, असे झाल्यास सेक्टरचा आकार पाहावा. ५१२ बाइटच्या सेक्टरवर बनवलेली एक्सएफएस ४०९६ बाइटचा सेक्टर सांगणाऱ्या लूनवर जोडताच येत नाही. येथे दुरुस्तीचा प्रश्न नसतो. नव्या यंत्रणेवर लून ५१२ बाइटचा दाखवावा लागतो किंवा नवी फाइल यंत्रणा बनवून फाइली हलवाव्या लागतात.

फाइल शेअरचे दोष सकाळी, कर्मचारी कामावर आल्यावर कळतात. एनएफएसचे क्लायंट पुन्हा न जोडता ठेवले तर जुनी फाइल-खूण अमान्य झाल्याची त्रुटी येते. आवृत्ती ३ वरून ४ वर जाताना दोन्हीकडील डोमेनचे नाव जुळले नाही, तर सगळ्या फाइलींचा मालक ‘नोबडी’ दिसतो. एक दोष विशेष गोंधळात टाकतो : काही मोजक्याच लोकांना परवानगी नाकारली जाते, आणि ते सगळे अनेक गटांचे सदस्य असतात. एनएफएसच्या साध्या ओळखपद्धतीत एका विनंतीसोबत १६ च गट पाठवता येतात; जुन्या यंत्रणेत ही मर्यादा ओलांडणारी सोय चालू असते आणि नव्यात ती चालू करायची राहून जाते. विंडोजच्या शेअरला जुन्याच नावाने डीएनएस नोंद दिली, पण कर्बेरॉस या ओळखपद्धतीसाठीचे सेवेचे नाव जुन्या खात्यावरच राहिले, तर आयपी पत्त्याने शेअर उघडतो आणि नावाने उघडत नाही. एसएमबीची (विंडोजच्या फाइल शेअर पद्धतीची) पहिली आवृत्ती नव्या यंत्रणेत बंद असल्यामुळे कार्यालयातील जुना स्कॅनरही त्याच सकाळी मुका होतो. तो कोणाच्याच यादीत नसतो.

सगळे चालते, पण हळू चालते

आधी विलंब कोठे आहे ते ठरवावे. स्टोरेजच्या बाजूने प्रतिसाद काही मिलिसेकंदांत मिळत असेल आणि सर्व्हरला तोच कित्येक पटींनी जास्त दिसत असेल, तर दोष मधल्या वाटेवर किंवा सर्व्हरच्या रांगेत आहे. अपग्रेडनंतर सगळ्या लूनचा ताबा एकाच कंट्रोलरकडे राहून गेलेला असणे हे नेहमीचे कारण. ताबा मूळ जागी परत द्यावा. पाथ आलटून पालटून वापरण्याचे धोरण नव्या यंत्रणेला लागू झाले आहे का, रांगेची खोली (एका वेळी प्रलंबित राहू शकणाऱ्या आज्ञांची संख्या) किती आहे, एखाद्या पोर्टवर सीआरसी त्रुटी वाढत आहेत का, हे त्यानंतर पाहावे. पार्श्वभूमीवर चालणारे डीड्युप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच ठेवणे) किंवा पुनर्संतुलन संपेपर्यंत घेतलेली मोजमापे फसवी असतात. तुलना नेहमी त्याच वारी, त्याच तासाला घेतलेल्या जुन्या मोजमापाशी करावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

लॉग जुळवताना वेळेकडे लक्ष द्यावे. स्टोरेज बहुधा यूटीसी वेळ लिहिते, सर्व्हर स्थानिक वेळ, आणि स्विचचे घड्याळ कोणी लावलेलेच नसते. पुण्यातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील यंत्रणा सांभाळणाऱ्या संघासाठी तेथील शनिवारी रात्री १० चा बदल उन्हाळ्यात येथे रविवारी सकाळी ७.३० ला आणि हिवाळ्यात ८.३० ला सुरू होतो. त्यात तिसरी वेळ मिसळली की कारण आणि परिणाम यांची अदलाबदल सहज होते. घटनाक्रमाचा तक्ता सुरुवातीपासून यूटीसीतच लिहावा.

पडताळणी आणि जुन्या यंत्रणेची निवृत्ती

फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळणे ही पडताळणी नव्हे. निवडक फाइलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणी-अंक), परवानग्या, हार्ड लिंक (एकाच फाइलची दुसरी नावे) आणि डेटाबेसची स्वतःची अखंडता-तपासणी या सगळ्यांतून जावे. नव्या यंत्रणेवरून घेतलेला बॅकअप प्रत्यक्ष रिस्टोअर करून पाहावा. बदललेल्या ब्लॉकची नोंद स्थलांतरात पुसली गेली असेल तर पहिला बॅकअप पूर्ण घ्यावा लागतो आणि तो रात्रीच्या वेळेत मावत नाही, याची तयारी ठेवावी.

पुसण्याची कामे वेगळ्या दिवशी आणि दोन माणसांच्या नजरेखाली करावीत. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकाच्या स्टोरेजवरून सुमारे ७७ टेराबाइट संशोधन डेटा, जवळपास ३ कोटी ४० लाख फाइली, पुसला गेला. जुने लॉग काढून टाकणारी बॅकअपची स्क्रिप्ट चालू असतानाच पुरवठादाराने तिची सुधारलेली आवृत्ती त्याच फाइलवर लिहिली. बॅश कवच स्क्रिप्ट थोडी थोडी वाचत चालवते, त्यामुळे ते मधूनच नव्या मजकुरात शिरले, चलाला (व्हेरिएबलला) मूल्य मिळालेले नव्हते आणि लॉगऐवजी संपूर्ण निर्देशिकेतील फाइली पुसल्या गेल्या. १४ संशोधन गटांना याचा फटका बसला आणि त्यांपैकी ४ गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत मिळाला नाही. चालू स्क्रिप्ट जागेवर बदलू नये, नवी फाइल वेगळ्या नावाने ठेवून नंतर अदलाबदल करावी, आणि मूल्य नसलेले चल आढळताच थांबण्याची सूचना स्क्रिप्टच्या आरंभीच द्यावी.

जुनी यंत्रणा निदान एक महिनाअखेर उलटेपर्यंत, शक्य असेल तेथे फक्त वाचनयोग्य करून, राखून ठेवावी. ती काढतानाही क्रम असतो. ईएसएक्सआयवर आधी डेटास्टोअर उतरवावा, मग डिस्क वेगळी करावी. लिनक्सवर फाइल यंत्रणा उतरवून, मल्टिपाथची नोंद काढून, मग खालची स्कझी उपकरणे काढावीत. त्यानंतरच स्टोरेजवरील नेमणूक आणि शेवटी झोन काढावा. हा क्रम उलटा झाला तर सर्व्हर नसलेल्या लूनची वाट पाहत बसतो, रीस्कॅन तासन्‌तास चालते आणि सुरळीत पार पडलेल्या स्थलांतरानंतर आठवड्याने नवीच तक्रार नोंदवली जाते.